पेन्सिलीने भरायचा तक्ता

तक्ता पेन्सिलीने भरा, केंद्रप्रमुख म्हणाले,
महिनाअखेर नावं उजवीकडे सरकायला हवीत.
चार रकाने : अंकओळख, बेरीज, वजाबाकी, भागाकार.
मुरपारटोल्याची चौथी-पाचवी मिळून तेवीस पोरं
एका कागदावर मावली.

मावली, आणि दुसऱ्या दिवसापासून
मधल्या सुट्टीत कबड्डीचे संघ तसेच पडू लागले.
"भागाकारवाले इकडं!" होमराज ओरडतो,
आणि बेरजेतली पोरं, कुणी न सांगता,
तांदळाच्या कोठीजवळ जाऊन बसतात.
टिकेशच्या आईनं विचारलं, भागाकार म्हणजे पास ना, बाई?
मी हो म्हणाले. घाईत होते.

६०३ − २४८.
अकरा पाट्यांवर एकच उत्तर : ४४५.
नक्कल म्हणावी, तर खिडकीजवळची भुमेश्वरी
अख्ख्या वर्गाकडे पाठ करून बसलेली.
"कसं काढलं गं?"
"आठातून तीन गेले, पाच. चारातून शून्य गेला, चार.
सहातून दोन गेले, चार."
"खालच्यातून वरचा काहून वजा केला?"
"लहानातून मोठं जात नाही.
तुमीच सांगतलं, बाई. दुसरीत."

सांगितलं होतं.
याच फळ्यापाशी, सोपं व्हावं म्हणून.
ते एक वाक्य दोन वर्षं
अकरा डोक्यांत जसंच्या तसं राहिलं.
पाढे विसरले, कविता विसरल्या, ते नाही.
आता त्या वाक्यापुढे मी 'बेरीज स्तर' लिहिते
आणि नाव मात्र भुमेश्वरी उईकेचं.

बांबूच्या काड्या काढल्या.
शंभराचे सहा गठ्ठे, सुट्या तीन.
यातून आठ दे मला.
ती तिनांकडे बघते. मग गठ्ठ्यांकडे. मग दाराकडे.
"एक गठ्ठा सोड."
"बांधलेला काहून सोडाचा?"

तिच्या घरी उन्हाळ्यात सारे तेंदूपानाचे पुडे बांधतात,
सत्तर पानं, वर वाकाची गाठ.
फडीवर गाठ सुटलेला पुडा
मुंशी पायानं बाजूला सारतो.
हे मला माहीत होतं.
वजाबाकी शिकवताना माहीत नव्हतं.
पुस्तकात याला हातचा म्हणतात.
तिचे दोन्ही हात पाठीमागे.

शेवटी गाठ तिनं दातानं सोडली.
शंभराचे दहा दहा,
त्यातल्या एका दहाच्या सुट्या दहा.
मोजायला वीस मिनिटं. बाहेर खिचडी झाली,
पोरं ताटं वाजवायला लागली.
तीनशे पंचावन्न.
ती हसली नाही. पुन्हा मोजल्या.
तरी तीनशे पंचावन्न.

मी खोडरबर उचलला.
मग म्हटलं, अजून एक, काड्यांशिवाय : ७०२ − ३५६.
४५४.

खोडरबर खाली ठेवला.
ॲपमध्ये सहापर्यंत भरायचं आहे,
आणि ॲपमध्ये दोन रकान्यांच्या मधली जागा नाही,
जिथं आज वीस मिनिटं ही पोरगी होती.
तक्त्यावर होमराजच्या चौकोनात
कागद खोडून खोडून इतका पातळ झालाय
की खालचं टेबल दिसतं.
त्याला भागाकार येतो की नाही,
मलाही आता पुन्हा विचारावं लागेल.

ती काड्या आवरते.
दहा मोजते, वाक गुंडाळते, दात लावून आवळते.
माझ्या गाठीपेक्षा तिची घट्ट.
सहा गठ्ठे पुन्हा सहा होतात.

"ह्या तीन सुट्या, बाई.
याइले कुठी ठेऊ?"