अठरावी रेषा

हर्णैच्या बंदरावरचा लिलाव उठला,
बैलगाड्या चाकांना समुद्र लावून परतल्या,
आणि मी बर्फाच्या रिकाम्या पेटीवर लॅपटॉप टेकवून
एका ढगाचा आलेख वाचतेय.

तिकडे, ताऱ्यांमधल्या थंडीत, रेणू भोवऱ्यासारखा फिरतो.
फिरणं एक पायरी उतरलं
की नेमक्या एका वारंवारतेची लहर सुटते.
आमच्या प्रयोगशाळेत त्याला नळीत कोंडून
अशा अठरा वारंवारता आम्ही मोजल्या;
दीड वर्ष गेलं, आणि दोन पंप.

आकाशात त्यातल्या सतरा सापडल्या.

चंद्रभागा आत्या शेजारी सुकट निवडते.
समोर सगळा काळोख, सुवर्णदुर्गसुद्धा नाही.
ती मान कलती करते:
"हिरापुतली ती. तिसऱ्या ठोक्याला अडखलतं बग इंजिन.
आवाज चढलाय, म्हंजे येतंय हिकडंच."

मीही ढगाचा वेग वजा करून रेषा सरकवते.
तोही येतोय आपल्याकडे, सेकंदाला नऊ किलोमीटर,
पोचायचा मात्र नाही.

"मग टोपल्या मांडू?"
"हाक येऊ दे आदी.
दाभोलच्या कुनी तसलंच मोडकं इंजिन घेतलं आसंल,
मंग आपुन टोपल्या मांडून बसायचं, नि बोट लोकाची."

अठरावी हवी तिथं मिथेनॉल उभं आहे,
दांडगं, नेहमीचं, बोलावलं नसताना आलेलं.
त्याच्या खांद्यावर एक बारीक फुगवटा.
असेल.
गोंगाटही असेल.
पुण्याहून इनामदारांचा तिसरा मेसेज:
सतरा पुष्कळ झाल्या, पाठवून देऊ.

तेवढ्यात मोठा ट्रॉलर धडधडत गेला खाडीच्या अंगानं
आणि त्याच्याखाली सगळं बुडालं,
हिरापुतळी, वारा, कुत्री.
आत्याचा हात सुकटीत थांबला.
ट्रॉलर लांब गेल्यावरही तसाच थांबलेला.

"तुजा सापडला का?"
"सतरा खुणा पटल्यात."
"नि हाक?"

मी शीर्षकात 'शोध' खोडून
'संभाव्य' लिहिते. पुसते. पुन्हा लिहिते.

आत्या गुडघ्यावर हात देऊन उठते,
एकच टोपली काढून वाळूवर सरळ ठेवते.
बाकीच्या तशाच,
एकात एक.