माकडहाड

अकरावीला मी फळ्यावर लिहिते :
पृष्ठवंशी. सस्तन. गण नरवानर.
मुलं मान खाली घालून उतरवून घेतात,
जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

जानेवारीत, लष्करातल्या कोहऱ्यात
(धुक्याला धुकं आमच्या ग्वाल्हेरीत कुणी म्हणत नाही)
रात्री पावणेतीनला वरच्या भाडेकरणीनं
टाचेनं फरशी वाजवली. तीनदा. ठरलं होतं तसं.
ममता कुशवाह. नवरा ट्रक घेऊन झाशीच्या पुढे कुठेतरी,
सासू दतियाला, माहेर बोलत नाही.
नात्यानं मी तिची कुणीच नाही.
विजेच्या बिलावरून मागच्याच महिन्यात
आमची चांगली जुंपली होती.

असगरला रिक्षाचं पुढचं चाकही दिसत नव्हतं.
मान बाहेर काढून, रस्त्याला विचारत विचारत
त्यानं जनकगंजच्या प्रसूतिगृहात आणून सोडलं.
डॉक्टरीणबाई मुरारहून निघाल्या होत्या,
म्हणजे अडकल्या होत्या.
होती ती रामकली, डोक्यावरून शाल गुंडाळून
शेगडीवर तळवे शेकत.
म्हणाली, ठंडे हाथ से बच्चा चौंकता है.

किल्ल्यावरची वानरी एकटीच जाते आडोशाला.
पिल्लू बहुधा तिच्याकडे तोंड करूनच येतं,
ती स्वतःच्या हातांनी ओढून घेते, चाटते,
संपलं.
आपण दोन पायांवर उभे राहिलो, वाट अरुंद झाली,
वर हे भलंथोरलं डोकं.
मग पोर आत वळतं, पुन्हा वळतं,
आणि निघतं ते आईकडे पाठ करून,
बाहेर कुणीतरी असेलच, असं धरून.

एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं.
ठाऊक नव्हतं, की ममता माझं मनगट धरेल,
दोन बांगड्या पिचतील,
आणि 'श्वास घे' म्हणायचं सोडून मी
'बिल माफ, बिल माफ' म्हणत सुटेन.

रामकलीनं तळवा टेकवला कमरेच्या पार खाली,
जिथे माकडहाड असतं.
शेपटी गेली, तेवढं मागे राहिलं.
पोर येताना ते जरासं सरकतं,
ओसरीवरच्या म्हाताऱ्यानं
जाणाऱ्यासाठी पाय आखडून घ्यावा, तसं.

मग ओला काळा माथा. टाळू लपलपत होती.
रामकलीचे शेकलेले हात आधीच तिथे होते.

बाहेर असगर अजून थांबलेला.
भाडं केव्हाच दिलं होतं मी.
मुलगी, म्हटलं, मराठीतच.
त्यानं रुमाल सोडला, गजक मोडली, अर्धी मला दिली.

दहाला तिसरा तास.
मागच्या बाकावरून परमार : मॅडम, मग शेपटी गेली का?
गरज उरली नाही, म्हणून मी मोकळी झाले,
आणि बाही मनगटावर ओढून घेतली.

फेब्रुवारीत बिलावरून पुन्हा वाजलं.
माफ म्हणाला होतात, ती म्हणाली. कधी, मी म्हटलं.
तिच्या खांद्यावरून ते दीड वितीचं तोंड
मागे वळून माझ्याकडे बघत होतं,
आणि जिन्याखाली मीटर
आपला फिरत होता.