राखेकडची बाजू

अपिंग्टनच्या त्या दुकानात एसी गळत होता,
खाली बादली.
थेंबाथेंबाला थांबत रुवेन माल दाखवत होता:
'हे गॅसचं, टानी हेस्टर, बटण दाबलं की पेटलं.
हे कोळशाचं, पाय दुमडतात, बारा किलो.
आणि हे बघा, बंद केलं की सुटकेस. धरा मूठ नि निघा.'
सात वर्षं माझ्या बसमधून शाळेत गेलेला पोरगा,
तेव्हा रोज डबा विसरायचा.
आता मला वॉरंटी समजावतोय.

बाहेर पिकअपमध्ये विलेम,
कोपरापर्यंत प्लास्टर, काच वर.
आत यायला तयार नाही.
जो विस्तव आपण लावायचा नाही
त्याची चूल कशाला बघायची, म्हणतो.
फोन मात्र तीनदा आला.
गॅस नको.
गॅस नको, सांगितलंय.
आणि पातळ पत्र्याचं नको, वाऱ्यात कुडकुडतं.

एकतीस वर्षं
नदीकाठी तंबू पडला की पुरुष विस्तवाभोवती
आणि आम्ही बटाट्याच्या सॅलडभोवती.
कॅमलथॉर्नची लाकडं कशी रचायची,
निखाऱ्यावर साय कधी धरते,
वर तळहात धरून किती मोजायचं नि मग चॉप टाकायचे,
हे त्यांचं शास्त्र.
बिअरच्या बाटलीने हवेत आकृत्या काढून सांगायचं.
मी अंडी सोलत ऐकायची.

पण ग्रिल मला ठाऊक होतं
राखेकडच्या बाजूने.
दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे घोरत असताना,
वाळूने, अर्ध्या कांद्याने, मग तारेच्या घासणीने.
कुठल्या सांध्यात चरबी बिऱ्हाड करते,
कुठला खिळा आधी सैल होतो,
कुठली कड बोट कापते.
इतकं वाकून त्याच्याकडे
दुसरं कुणी बघितलं नसेल.

म्हणून मी रुवेनला आच विचारली नाही.
'उलटं कर,' म्हटलं.
'काय?'
'उलटं कर. तळ दाखव.'

सुटकेसच्या कोपऱ्यात करंगळी जाईना. नको.
गॅसवालीच्या नळ्या बघूनच हात दुखले.
बारा किलोचं दारापर्यंत नेलं, परत आणलं,
वाटेत गुडघा बोलला.
मग मागच्या फळीवर, तंबूच्या खुंट्यांच्या खोक्याआड,
एक चपटी पिशवी.
आत जाड पोलादाचे पाच पत्रे,
खाचेत खाच अडकवायची, की उभी राहते चूल.
ना स्क्रू, ना बिजागरी.
'पडून आहे, टानी. जोडायला वेळ लागतो म्हणतात लोक.'
'आणि घासायला?'
त्याने जरा विचार केला. इतक्या वर्षांत
कुणी विचारलंच नसावं.
'घासायला काय, ताटं.'
'बांध,' म्हटलं.

विलेमने पिशवी मांडीवर घेतली.
'हे ग्रिल? मला वाटलं, वही आणलीस.'
बऱ्या हाताच्या बोटांनी ठोकून बघितलं.
आवाज घट्ट आला.
पुढचे चाळीस किलोमीटर तो गप्प होता,
म्हणजे पसंत.

संध्याकाळी नदीवरून वारा सुटला.
दोन काड्या वाया गेल्या, तिसरी लागली.
तळहात धरला तेव्हा मी आकडे नाही मोजले,
थांबे मोजले:
पेट्रोलपंप, चर्च, पाण्याची टाकी, फान वेकांचं फाटक.
फाटकाशी हात काढला.
'पाचपर्यंत मोजायचं असतं,' खुर्चीतून आवाज.
'तू मोहरी बघ.'
डाव्या हाताने बटाटे कालवत होता,
मोहरी इतकी, की डोळ्यांतून पाणी.
धूर आहे, म्हणाला.
धूर उलट्या दिशेला चालला होता.

चॉप एका बाजूने करपले.
कोणत्या बाजूने, ते मी वाढताना खाली केलं.

सकाळी पाच पत्रे, काळे, गारठलेले.
तीन मी घासले, वाळूने.
दोन तसेच ठेवले
त्याच्या खुर्चीपाशी, अर्ध्या कांद्यासकट.
डावा हात मोकळाच आहे की.