गादी

गादी म्हटली की किरीटभाईंची डोळ्यासमोर यायची,
मनामाच्या सोनेबाजारात, काचेच्या दारामागे,
पांढरीशुभ्र, लोडाला टेकलेली.
माझ्या अंगातही एक गादी आहे
हे एकोणीस वर्षांनी एमआरआयच्या काळ्या कागदावर कळलं.
चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधली.
ती सरकली म्हणे.

मणका म्हणजे आमच्यात ओवायची वस्तू.
भोक पाडायचं, घासायचा, तार घालायची,
सैल बसला तर चिमट्यानं मागे सारायचा.
रोवेनाला म्हटलं, तसंच काही होत नाही का?
ती हसली. म्हणाली, "भानू सर, उलटा लेटो."

चेहरा खाटेच्या भोकात.
भोकातून फरशी दिसते, आणि तिचे पांढरे बूट,
डाव्याची नाडी तुटून गाठ मारलेली.
हातांवर जोर. छाती वर.
कंबर खालीच, ढिली, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.
दहा वेळा. परत दहा.
दर वेळी भिंतीवरचं कॅलेंडर अर्धं दिसतं
आणि खिडकीत कुणाचा तरी वाळत घातलेला पांढरा थोब.

एकोणीस वर्षं मी खालीच पाहिलं.
दिवा, फुंकणी, मांडीवर ताणलेलं कातडं.
कातड्यात पडलेला कीस संध्याकाळी तोलून परत द्यायचा,
गुंजभरही इकडेतिकडे नाही.
पाठीचा कीस कुठे पडत गेला
कोण बघणार.

शेजारच्या खाटेवर हाजी मक्की,
पट्ट्यांनी बांधलेला, मशीन त्याला दोन्हीकडून ओढतं.
चाळीस वर्षं टॅक्सी चालवली.
"श्वय, श्वय," म्हणत राहतो, हळूहळू,
मला की मशीनला, कळत नाही.

सहाव्या दिवशी मी तक्रार केली:
करंगळीतल्या मुंग्या गेल्या, पोटरी मोकळी झाली,
पण कंबर आधीपेक्षा जास्त ठणकते.
रोवेनानं टाळी वाजवली.
"गुड! पेन घर जाता."
मग बोटानं माझ्या पायावर रस्ता काढून दाखवला,
टाचेपासून वर, गुडघ्यामागून, मांडीवरून.
लांब गेलेलं दुखणं आधी निघाल्या जागी येतं,
तिथे थोडं भांडतं,
मग जातं.
तिची मुलगी इलोईलोला, अकरा वर्षांची.
हे तिनं का सांगितलं, मी विचारलं नाही.

सेशनचे सहा दिनार. चार सेशन किरीटभाईंचे,
बाकीचे माझे.
पाटाखाली त्यांनी दोन विटा लावून दिल्यात,
दिवा आता छातीशी येतो.
डाग देताना पहिल्यांदाच गिऱ्हाइकाचं तोंड दिसतं.

रात्री आटपाडीहून शालनचा फोन.
"कसं आहे?"
"पायातून निघालंय. कमरेपर्यंत आलं."
ती गप्प. मागे कुकरची शिट्टी, कुत्रं.
"मग घरी कधी पोचणार?"

कुणाबद्दल विचारते आहे, अंदाज घेत
मी उशी पोटाखाली सारली, पालथा झालो.
"श्वय, श्वय," म्हटलं.
"काय?"