ओलं आहे अजून

पलंगाखाली कॅरमबोर्ड पडून होता,
एक कोपरा उंदरांनी खाल्लेला,
सोंगट्या कधीच्याच गेलेल्या.
हिमानीच्या शाळेतून निरोप आला होता,
पंधरा ऑगस्टला वर्गाची सजावट, घरातल्याच वस्तूंची.
"झेंडा करू?"
"झेंडा नको माय, त्याचे नियम असतात,
तो कापत नाहीत, डिंकात बुडवत नाहीत.
आपण नुसते रंग लावू."

तांडापेठेत ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे
रंगांची काय वानवा.
मशीनखालचं गाठोडं सोडलं.
केशरी निघालं शाहीनबाजींच्या पोरीच्या दुपट्ट्याचं
(शिलाईचे दीडशे अजून यायचे आहेत).
हिरवा माझ्याच लग्नातल्या शालूचा,
जिथे मठ्ठा सांडला होता त्याच्या अलीकडचा तुकडा.
निळं सापडेना.
इंदोऱ्याच्या सुजाताताईंनी आपणहून दिला
पांढऱ्या साडीचा काठ,
दसऱ्याला दीक्षाभूमीवर नेसतात ती.
म्हणाल्या, "चक्रच करशील ना?
मग मोजून कर."

बोर्डाच्या मधोमध गोल आयताच होता,
राणी बसायची तिथला.
आऱ्या चोवीस.
कापता कापता हिमानी दोनदा चुकली,
मी एकदा.

पांढरं मात्र मी मागितलं नव्हतं.
बाबांनी ट्रंकेतून पंचा काढला,
मागावरून उतरवलेला शेवटचा.
माग गेला त्याला सोळा वर्षं झाली,
किलोच्या भावानं गेला,
लाकूड वेगळं, लोखंड वेगळं.
"काप," म्हणाले,
आणि कात्री चालली तेव्हा
उठून अंगणात गेले.

डिंकात पाणी घातलं, ब्रश फिरवला.
सगळं दुधासारखं पांढरं झालं,
केशरी नाही, हिरवं नाही, काही नाही.
हिमानी रडकुंडीला आली, "बिघडलं ना सगळं!"
"वाळलं की दिसते बाई. थांब."
बाबा दारातून म्हणाले,
"खळीत मोरचूद टाकला का? बुरशी येईल."
"खळ नाही बाबा, डिंक आहे."
"एकच ते."

नागपूरचा ऑगस्ट, तो काय वाळू देतो.
रात्रभर पंखा लावून ठेवला,
दोनदा लाइट गेली.
पहाटे पाहिलं तर रंग वर येत होते
हळूहळू, कडेकडेनं.
पांढऱ्या पट्टीवर अंगठ्याचा ठसा,
आणि नखाची बारीक रेघ:
अंधारात कोणीतरी सूत मोजून गेलेलं.
मी पुसला नाही.
बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते,
किंवा झोपलेले नव्हते.

साडेसहाला गोळीबार चौकातून स्कूटीवर आम्ही दोघी,
तिच्या मांडीवर आडवा बोर्ड,
फक्त कडांना धरलेला.
सिग्नलला एक गृहस्थ वाकून बघायला लागले,
बोट पुढे आलं त्यांचं.
ती जोरात ओरडली,
"काका, हात नका लावू!
ओलं आहे अजून."