चतुःसीमा

नोटिशीत घराचं वर्णन आहे:
कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस.
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस प्लॉट अकरा,
दक्षिणेस जिना, उत्तरेस मोकळी जागा.
मोकळी जागा म्हणजे
जिथे ठाकूरबाई सुकट वाळत घालतात
आणि आम्ही खिडकी लावून घेतो.

वाशीच्या वकील तांडेलबाई
चष्मा कपाळावर सरकवून विचारतात,
"साठ दिवसांत हरकत पाठवली होती?"
पाठवली होती.
"पोच?"

रात्री सगळे खण उपसले.
कुकरची गॅरंटी निघाली, यांच्या डायलिसिसची बिलं,
सहकर्जदार म्हणून केलेली माझी सही,
वळणदार, शाळेत शाबासकी मिळायची तशी.
पोचपावती सापडली पहाटे, गॅसच्या पुस्तकात.
शिक्का अर्धवट, तारीख ठसठशीत.

"बँकेनं उत्तर दिलेलं नाही. इथे पाय रोवता येईल,"
बाई म्हणाल्या.
घर वाचेल, असं म्हणाल्या नाहीत.
अपिलाला पंचेचाळीस दिवस.
नऊ गेले.

परतले तर दारावरचा कागद
एका कोपऱ्यातून सुटून फडफडत होता.
समोरच्या दाराची फट हलली, मिटली.
फाडावासा वाटला.

आत जाऊन
कालच्या भाताची चार शितं आणली,
कोपरा नीट चिकटवला.
पुरावा आहे, बाईंनी सांगितलंय.