कुणाची मा

लेसोथोच्या या डोंगरांत बाई ओळखली जाते लेकराच्या नावाने.
थाबिसोची आई ती मा-थाबिसो.
मूल व्हायच्या आधीच सासर नाव देऊन मोकळं होतं.
मलाही दिलं होतं: मा-कानानेलो.
सात वर्षं वाट पाहिली,
मी कानानेलोची, किंवा त्याने माझी.
निघताना ते नाव त्यांच्याच दाराच्या खिळ्याला
अडकवून आले, ओल्या घोंगडीसारखं.

आता मोखोत्लोंग, घर क्रमांक चार.
नेमणुकीच्या कागदावर मी गृहमाता.
पगार पंचवीस तारखेला,
रजा महिन्यातून चार दिवस,
पोरं सात.

सात म्हणजे चौदा मोजे, त्यातले तेरा सापडतात.
सात म्हणजे मक्याची घट्ट लापशी उलथण्याने कापताना
बारा डोळे माझ्या हाताकडे
आणि दोन पातेल्याच्या तळाकडे, खरपुडीवर.
लेरोथोली खोटं बोलताना कान खाजवतो.
थोरल्या मोलिएहीला पाळी आली
ती तिने शेजारच्या घरातल्या बाईला सांगितली, मला नाही.
मी दुखावले असं वहीत लिहिता येत नाही,
नाही दुखावले असंही.
वहीत लिहिलं: साहित्य दिले.

रात्री दोनला त्सेलिसोला उठवून बाहेर नेते.
झोपेतच तो सगळं वजन माझ्या खांद्यावर टाकतो.
रजेत बहिणीकडे गेले तरी दोनला डोळे उघडतात,
अंधारात खांदा रिकामा.
बहीण म्हणते, नोकरी आहे ही, पुसेलेत्सो.
आहेच की.
तिची पोरं तिच्यावर ओरडतात, दार आपटतात.
माझीही आपटतात,
पण आपटण्याआधी बघून घेतात
वही कुठे आहे.

जूनमध्ये बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आदल्या दिवशी
आठवी आली, मोसेलान्त्जा.
अर्थ कुत्र्याची शेपटी.
आधीची दोन दगावली म्हणून असलं नाव,
मरणाने ऐकावं, नाक मुरडावं, पुढे जावं.
ते गेलं पुढे,
तिच्या आईबापाकडे.

सहा वर्षांची. ताट धुवायची, बूट भिंतीला लावून ठेवायची.
हाक मात्र कधी मारली नाही.
काही हवं असलं की समोर येऊन उभी,
रॉकेलच्या रांगेत उभं राहावं तशी.

बाकीच्यांचं माझ्या नावावरून भांडण जुनंच.
लेरोथोली म्हणतो, मा-लेरोथोली, मी पहिला आलो.
जुळ्यांनी दोघांचं मिळून एक लांबलचक नाव केलंय,
ते पुरं व्हायच्या आत त्यांनाच हसू फुटतं.
मी म्हणते, नुसतं म्मे म्हणा
आणि भांडी घासा.

ऑगस्टात तिला ताप चढला.
दवाखान्यात नर्सने चष्म्यावरून विचारलं,
कुणाची मा तू?
मी हुद्दा सांगणार होते, तेवढ्यात
घोंगडीच्या आतून आवाज आला,
मा-सेखोतो.
नर्सने लिहून घेतलं.

सेखोतो तिचा भाऊ. दीड वर्षाचा.
मामाने त्याला सीमेपलीकडे नेलं, हिला ठेवलं,
फाइलीत कारण एका ओळीत आहे: एकच परवडते.
मी त्याला पाहिलेलं नाही.

आता दुकानासमोर, चारचौघांत, ती खणखणीत हाक मारते,
आणि मी वळते.
भांडण मिटलं. घरात नसलेल्याशी
कोण भांडणार?
रात्री वहीत लिहिते, आठही झोपली.
त्याला दोनला कुणी उठवतं का,
याला रकाना नाही.

मोलिएही शाळेत विणायला शिकतेय.
काल शेगडीपाशी बसून, वर न बघता म्हणाली,
त्याच्या पायाचं माप केवढं असेल?
मला काय ठाऊक. दीड वर्षाचं असतं तेवढं.
तिने दोन ओळी उसवल्या
आणि कमी टाके घेऊन पुन्हा सुरू केलं.